हुतुतूचें मैदान आणि शिक्षिकेचें वेतन

खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे पाठ करून दहाबारा महाविद्यालयीन मुली मातींत कबड्डी खेळत होत्या. एका बक्षीस-समारंभासाठीं आम्ही त्या गांवीं गेलों होतों, आणि समारंभास अवकाश असल्यानें मैदानाच्या कडेस उभे राहून तो डाव पाहत होतों. मुलींना शिकविणारी बाई तिशीच्या पुढची, एके काळीं स्वतः विद्यापीठाच्या संघांतून खेळलेली. पुरुष-प्रशिक्षकास मिळतें तेवढेंच वेतन आपणांस मिळतें काय, असें आम्हीं सहज विचारलें. ती हंसली. म्हणाली, "सर, बरोबरी करायला आधी पगार तर पाहिजे. मला स्पर्धेच्या महिन्यापुरतं मानधन मिळतं, ते जाण्यायेण्यातच संपतं."

या उत्तरानें आमचा प्रश्नच लंगडा ठरला. समान कामास समान वेतन हें तत्त्व आपल्या संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदांत आहे, आणि १९७६ सालीं त्यास कायद्याचें रूपही मिळालें. महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाच्या संचालकाची जी कायम जागा असते, तिची वेतनश्रेणी स्त्रीपुरुष पाहून ठरत नाहीं. परंतु अशी जागा एका महाविद्यालयांत बहुधा एकच. आणि एकेका खेळासाठीं जे प्रशिक्षक हंगामापुरते बोलाविले जातात, ते श्रेणीच्या उंबरठ्याबाहेरच राहतात. कायदा दोन पगारांची तुलना करूं शकतो. जिला पगारच नाहीं तिची तुलना त्यानें कोणाशीं करावी?

हा उंबरठा कसा घडला हें समजण्यास हुतुतूचाच इतिहास पुरेसा आहे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापन केलें, आणि १९३६ सालीं त्याच मंडळाच्या तरुणांनीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें जगास दाखविलीं. वऱ्हाड-नागपुरांत या गोष्टीचा अभिमान अद्याप बाळगला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या काळच्या आखाड्यांतील वस्ताद पुरुष, शागीर्द पुरुष आणि प्रेक्षकही बहुतेक पुरुषच. स्त्रियांच्या राष्ट्रीय कबड्डी-स्पर्धा सुरू होण्यास १९५५ साल उजाडलें. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० सालीं आली, स्त्रियांची २०१० सालीं. ज्या खेळांत मुली खेळाडू म्हणून इतक्या उशिरां आल्या, त्यांत त्या शिक्षक म्हणून त्याहून उशिरां येणार हें उघड होतें.

वेतनाच्या बाबतींत आपल्या न्यायालयांनीं कांहीं केलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिकेनें दाद मागितली, तेव्हां कंपनीचा बचाव मोठा चतुर होता. बड्या अधिकाऱ्यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या लघुलेखिकांचें काम निराळें आहे, आणि त्या कामावर पुरुष मुळींच नाहींत, मग भेद कोठला? १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जागेचें नांव न पाहतां प्रत्यक्ष काम पाहिलें, आणि कंपनीजवळ पैसा नाहीं ही सबबही ऐकून घेतली नाहीं.

खेळाच्या मैदानावर हाच वाद अमेरिकेंत लढला गेला, आणि त्याचा शेवट उलटा झाला. लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठांत स्त्रियांच्या बास्केटबॉल-संघास शिकविणाऱ्या मॅरियन स्टॅन्ली यांनीं पुरुष-संघाच्या प्रशिक्षकाइतकें वेतन मागितलें. पूर्वीच्या विद्यापीठांत त्यांनीं आपल्या संघास तीन वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. तरी १९९४ सालीं अपील-न्यायालयानें त्यांस दिलासा नाकारला, आणि १९९९ सालीं तो दावा कायमचा बुडाला. पुरुष-संघाच्या प्रशिक्षकावर पैसा व प्रसिद्धी मिळविण्याचा भार अधिक, त्याचा अनुभव मोठा, म्हणून हें काम समान नव्हे, असा एकंदर युक्तिवाद. वस्तुतः पुरुषांच्या खेळाभोंवतीं पैसा गोळा होतो तो वर्षानुवर्षें त्यावर पैसा ओतल्यामुळें. आणि मग त्याच पैशाचा दाखला देऊन स्त्रीस कमी द्यावयाचें! हा न्याय आम्हांस तरी पटत नाहीं.

त्या देशांतील दुसरी एक गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. १९७२ सालीं तेथें शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी करणारा कायदा झाला. त्यापूर्वीं महाविद्यालयीन स्त्री-संघांपैकीं दहांतील नवांच्याही वर संघांस स्त्रियाच शिकवीत. कायद्यानें मुलींच्या खेळास पैसा आला, मैदानें आलीं, चांगले पगार आले. आणि त्या पगारांच्या मागोमाग पुरुषही आले. चाळीस वर्षांनीं हें प्रमाण निम्म्याच्याही खालीं उतरलें होतें.

आपल्याकडे स्त्री-प्रशिक्षक निपजत नाहींत असें कोणी म्हणेल, तर त्यास उत्तर नाशकांत मिळतें. शैलजा जैन यांनीं महाराष्ट्रांत कित्येक वर्षें मुलींना कबड्डी शिकविली. भारतीय संघाचें प्रशिक्षकपद मिळावें ही त्यांची इच्छा पुरी झाली नाहीं. इराणनें मात्र त्यांस बोलाविलें. प्रथम नकार देऊन पुढें त्या तेहरानला गेल्या, फारसी शिकल्या आणि तेथल्या मुलींकडून योगासनें व प्राणायाम करवून घेऊं लागल्या. २४ ऑगस्ट २०१८ रोजीं जकार्ता येथें आशियाई खेळांचा अंतिम सामना झाला. २०१० आणि २०१४ सालीं सुवर्णपदक जिंकलेल्या भारताच्या मुली २७–२४ नें हरल्या, आणि त्यांना हरविणाऱ्या संघाची शिक्षिका मराठी होती. त्या दोन सुवर्णपदकांच्या वेळीं भारतीय संघासही सुनील डबास या स्त्रीनेंच शिकविलें होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

क्रिकेटमध्यें याहून स्पष्ट चित्र दिसतें. पूर्णिमा राव यांस २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर प्रशिक्षकपदावरून दूर करण्यांत आलें. त्यांच्या जागीं तुषार आरोठे आले, आणि पुढेंही मुख्य प्रशिक्षक पुरुषच नेमले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्यें स्त्री व पुरुष खेळाडूंस सामन्याचें मानधन सारखें देण्याचें जाहीर झालें, कसोटीस १५ लाख. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस आपल्या मुलींनीं विश्वचषक जिंकला, तेव्हां प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्यांच्या कामगिरीस आम्ही मनापासून दाद देतों. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खेळणारीचें वेतन सारखें झालें म्हणून शिकविणारीस जागा मिळतेच असें नाहीं.

खापरखेड्याच्या समारंभांत त्या मुलींना ढाल मिळाली. छापील कार्यक्रमपत्रिकेवर शिक्षिकेचें नांव नव्हतें. तें आम्हीं विचारून घेतलें आणि भाषणांत उच्चारलें, तेव्हां मुलींनीं टाळ्या वाजविल्या. मानधनाचा विषय मात्र आमच्या तोंडून निघाला नाहीं. यजमान पहिल्याच रांगेंत बसले होते.