सहाशे डॉलरांचे स्वप्न

जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) या लघुकादंबरीचे वाचन बहुधा मैत्री आणि नियती या दोन कल्पनांभोवती फिरत राहिले आहे. धिप्पाड पण बुद्धीने लहान मुलासारखा लेनी, त्याला सांभाळून नेणारा जॉर्ज, दोघांचे स्वतःच्या जमिनीचे स्वप्न आणि अखेरीस जॉर्जच्याच हातून होणारा लेनीचा अंत, ही घडण इतकी रेखीव आहे की ती कोणत्याही देशकाळाला लागू पडावी. हस्तलिखिताचे आरंभीचे नावही 'घडलेली एक गोष्ट' अशाच अर्थाचे होते. मात्र या स्वप्नाला किंमत आहे आणि ती संहितेत आकड्यांनी नोंदलेली आहे, याकडे वैश्विक वाचनाचे दुर्लक्ष होते.

दहा एकर, सहाशे डॉलर. जॉर्ज आणि लेनीजवळ मिळून दहा डॉलर आहेत. महिनाभर काहीही खर्च न करता राबले तर दोघांचे शंभर होतील. हे गणित सुटण्याच्या जवळ येते ते म्हाताऱ्या कँडीमुळे. याच रँचवर त्याने हात गमावला. त्याची भरपाई अडीचशे डॉलर, शिल्लक पन्नास आणि महिनाअखेरीस येणारे पन्नास. स्वप्नाचा सर्वांत मोठा हिस्सा अशा रीतीने एका तुटलेल्या हाताच्या किमतीतून यायचा आहे. आणि जमीन इतकी स्वस्त का? तिचे म्हातारे मालक कफल्लक झाले आहेत आणि म्हातारीला शस्त्रक्रियेची गरज आहे. जॉर्ज हे ओझरते सांगून पुढे जातो. वाचकही त्याच्याबरोबर पुढे जातो. एका अल्पभूधारकाची मोडलेली संसारगाडी दुसऱ्याने विकत घ्यायची, एवढ्याच वाटेने हे स्वप्न साकार होऊ शकते.

कादंबरी घडते सोलेदादजवळ, सालिनास खोऱ्यात. याच सालिनासमध्ये १९३४ साली फिलिपिनो मजुरांच्या संघटनेने लेट्यूसच्या मळ्यांत संप केला होता. १९३६ साली तेथे पुन्हा संप झाला. स्टाइनबेकला हे ठाऊक होते. फळबागांतील संपावरची त्याची 'इन ड्युबियस बॅटल' १९३६ चीच, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखमालेत त्याने चिनी, जपानी, मेक्सिकन व फिलिपिनो मजुरांच्या पिळवणुकीचाही परामर्श घेतला होता. असे असता या कादंबरीच्या बराकीत संपाचे नाव निघत नाही, आणि एक अपवाद सोडता सारे मजूर गोरे आहेत. तरुणपणी रँचवर काम करताना पाहिलेले, पाठीवर वळकटी टाकून फिरणाऱ्या एकट्या पुरुषांचे जग त्याने येथे उभे केले. दुष्काळी प्रदेशांतून कुटुंबेच्या कुटुंबे कॅलिफोर्नियात येत असताना ते जग मागे पडू लागले होते.

ही पळवाट आहे काय? काही अंशी आहे, असेच म्हणावे लागेल. परंतु सामूहिक कृती वगळली गेल्यामुळेच दोन माणसांनी एकत्र भटकणे ही नवलाची घटना ठरते. रँचवरचा प्रत्येक जण जॉर्जला त्याबद्दल छेडतो. मालकाला तर तो लेनीची मजुरी खात असावा असा संशय येतो. मैत्रीचे मोल असे टंचाईतून वाढले आहे, ही गोष्ट भावुक रसग्रहणांना सहसा दिसत नाही.

वगळलेला इतिहास मात्र एका खोलीत उरला आहे. तबेल्यालगत एकटा राहणाऱ्या कृष्णवर्णीय क्रुक्सजवळ कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची १९०५ ची जीर्ण प्रत आहे. (१९३५ च्या कामगार संबंध व सामाजिक सुरक्षा या दोन्ही कायद्यांनी शेतमजुरांना बाहेरच ठेवले होते, तेव्हा नवी प्रत असती तरी तिचा फारसा उपयोग नव्हता.) त्याच्या वडिलांचा कोंबड्यांचा मळा होता, सुमारे दहा एकरांचा. जॉर्ज रंगवतो तेही दहा एकर, आणि तेथेही कोंबड्या आहेत. इतरांचे भविष्य ते क्रुक्सचे बालपण आहे! तो मळा कसा गेला, हे संहिता सांगत नाही. डोक्यात जमीन घेऊन आलेली शेकडो माणसे पाहिल्याचे सांगून तो प्रथम लेनीची टर उडवतो. मग पैसे खरोखरच जमत आल्याचे कळताच केवळ पोटावारी काम करायची तयारी दाखवतो. थोड्याच वेळात कर्लीची बायको त्याला झाडाला टांगवण्याची धमकी देते. कँडी निघताना क्रुक्स आपला शब्द मागे घेतो, आपण गंमत केली होती, असल्या ठिकाणी आपल्याला जायचेच नाही असे सांगतो, आणि पाठीला मलम चोळू लागतो.