बिब्बा

(सं. भल्लातक, अरुष्कर, हिं. भिलावा, गु. भिलामो, शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम, कुल ॲनाकार्डिएसी). आंबा व काजू यांच्याच कुलातील एक पानझडी वृक्ष व त्याचे काळे, तुळतुळीत, हृदयाकार फळ. गोमंतकात ओल्या काजूगरालाही बिबे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु काजूचे झाड पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर आले, तर बिब्बा हा येथील अरण्यांचा मूळचा रहिवासी असून त्याचा उल्लेख चरक-सुश्रुतांच्या संहितांत आढळतो.

वर्णन : हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंतच्या पानझडी जंगलांत हा वृक्ष आढळतो. पाने मोठी, साधी, टोकाकडे रुंद. फुलोरा पावसाळ्यात, फळे हिवाळ्यात. फळ सुमारे २.५ सेंमी. लांब असून ते नारिंगी रंगाच्या मांसल देठावर बसलेले असते.

रस व त्याचा गुणधर्म : बिब्ब्याचे औषधी महत्त्व आणि त्याची भयानकता ही दोन्ही एकाच द्रव्यात साठविलेली आहेत. फळाच्या कवचातील पोकळ्यांत दाट, तेलकट, दाहक रस असतो. हवा लागताच तो काळा पडतो, पाण्यात विरघळत नाही, आणि कापडावर चुन्याबरोबर लावला असता असा पक्का बसतो, की कितीही धुतले तरी जात नाही. १९३१ मध्ये पिल्ले व सिद्दीकी यांनी या रसाचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य फिनॉल-वर्गीय द्रव्यास भिलावनॉल हे नाव रूढ झाले. अमेरिकेतील विषारी आयव्ही वेलीच्या दाहक द्रव्याशी त्याचे निकटचे नाते आहे. ज्याच्या शरीराने हे द्रव्य एकदा ओळखून ठेवले, त्याला पुढे अत्यल्प स्पर्शही पुरतो, आणि स्पर्शानंतर बहुधा एकदोन दिवसांनी कातडी लाल होऊन, सुजून, पाणीदार फोडांनी भरते. यालाच बिब्बा उतणे म्हणतात. काही माणसांना मात्र तोच रस फारसा बाधत नाही, आणि या भेदामुळेच ‘आम्हांला कधी काही झाले नाही’ अशी साक्ष देणारे लोक प्रत्येक गावात सापडतात.

आयुर्वेदातील स्थान : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या प्रकरणात, भल्लातकाचे अनेक कल्प दिलेले आहेत. उत्तम, निर्दोष फळे धान्याच्या राशीत चार महिने पुरून ठेवावीत, मार्गशीर्ष-पौषात प्रयोगास आरंभ करावा, दहा फळांचा काढा दुधाबरोबर घेण्यापासून सुरुवात करून रोज एक याप्रमाणे तीसपर्यंत चढावे व तसेच उतरावे, आणि घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप माखून घ्यावे, असा तो विधी आहे. तुपाचे हे कलम लहान दिसते. परंतु औषध देणाराला त्याच्या दाहकतेची पुरी जाणीव होती, याचा तो लेखी पुरावा होय. सुश्रुताने अर्शाच्या चिकित्सेत भल्लातकाचे विधान केले आहे. कफवातप्रधान विकार, अर्श, कुष्ठवर्गातील त्वचारोग व अग्निमांद्य ही त्याची परंपरागत क्षेत्रे. पित्तप्रकृतीची माणसे, बालके, वृद्ध, गर्भिणी आणि रक्तस्रावाचे रोगी यांना तो वर्ज्य सांगितला असून, सेवनकाळात ऊन, अग्नीची धग, कुळीथ, दही व तैलाभ्यंग यांवर कडक बंदी आहे.

शोधनाशिवाय बिब्बा वापरू नये, याविषयी ग्रंथांत दुमत नाही. पाण्यात बुडणारी पक्व फळे घेऊन, त्यांची टोपी काढून, विटेच्या चुऱ्यात घोळून व घासून त्यांतील तेल चुऱ्यास शोषू द्यावयाचे आणि मग फळे गरम पाण्याने धुवावयाची, ही सर्वांत प्रचलित रीत. गोमूत्रात व दुधात शिजविण्याचे प्रकारही आहेत. अमृतभल्लातक व संजीवनी वटी ही या द्रव्याची प्रसिद्ध सिद्धौषधे होत. मद्रास विद्यापीठात दुधात सिद्ध केलेल्या बिब्ब्याच्या अर्काचे प्रयोग उंदरांच्या यकृतातील अर्बुदांवर झाले व त्यांचे निष्कर्ष आशादायक म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु उंदरावरील फलितावरून माणसाच्या कर्करोगावर उपाय सापडला, असे म्हणणे हा रोग्याशी केलेला अन्याय ठरतो.

लोकोपचार : भेगाळलेल्या टाचांत तापविलेल्या बिब्ब्याचे तेल सोडणे, जुनाट खोकल्यावर त्याचे थेंब दुधात पाडून देणे, दुखऱ्या भागावर वा पोटावर डाग देणे. यांपैकी पहिल्यात जाड, निबर कातडीमुळे धोका काहीसा कमी. शेवटचा प्रकार लहान मुलांच्या बाबतीत सर्वस्वी निषिद्ध मानावा. उतल्यास खोबरेल तेल लावणे, तीळ-खोबरे खाणे हे घरगुती उतारे सांगतात. त्यांनी दाह थोडा शमत असेलही. तथापि पहिले कर्तव्य साबण व भरपूर पाणी यांनी तो भाग त्वरित धुणे हेच असून, चेहरा, डोळे वा गुह्यभाग सुजल्यास किंवा लघवी काळपट अथवा कमी होऊ लागल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. या वृक्षाच्या चिकाशी संबंध आल्यानंतर मूत्रपिंडाच्या बाह्यभागाचा नाश झाल्याची नोंद १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे.

न्यायवैद्यकातील बिब्बा : या वनस्पतीविषयी सर्वांत काटेकोर लेखन वैद्यांच्या पोथ्यांपेक्षा फौजदारी न्यायाच्या निमित्ताने झाले. खोट्या मारहाणीची फिर्याद गुदरण्यासाठी अंगावर बिब्ब्याचा रस लावून वळ उठविण्याची युक्ती हिंदुस्थानात इतकी परिचित होती, की खरा वळ व बनावट वळ यांतील भेद न्यायवैद्यकाच्या पाठ्यग्रंथांतून विद्यार्थ्यांना शिकविला जाई. जयसिंग मोदी यांच्या १९२० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने तो पिढ्यान्‌पिढ्या शिकविला. खऱ्या मुक्या मारात रक्त त्वचेखाली साकळते, त्याचे रंग दिवसागणिक बदलत जातात, आणि तो अंगावर कोठेही असू शकतो. बिब्ब्याचा वळ मात्र स्वतःचा हात पोहोचेल अशाच जागी असतो. त्याचा रंग गडद तपकिरी व कडा अनियमित असतात, त्यावर बारीक फोड येतात, विलक्षण खाज सुटते, आणि खाजविल्यामुळे फिर्यादीच्या बोटांच्या टोकांवर व नखांखालीही तोच दाह उमटतो. फोडांतील पाण्याच्या रासायनिक तपासणीत मूळ द्रव्य सापडू शकते. गर्भपातासाठी होणाऱ्या त्याच्या प्राणघातक वापराचीही दखल याच ग्रंथांनी घेतली आहे.

धोब्याच्या खुणेचा उपद्रव : दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर चमत्कारिक पुरळ उठू लागले. धोब्याने गणवेशावर बिब्ब्याने घातलेली खूण ज्या जागी कातडीला टेकत होती, तेथेच तो दाह होता. लिव्हिंगूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ साली या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

आहार : मांसल देठ पिकल्यावर खाण्याजोगा होतो, तो वाळवून बिब्ब्याची फुले म्हणून विकतात. कवचाच्या आतील मगज म्हणजे गोडंबी ही स्निग्ध, पौष्टिक व रुचकर असून बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत तिला मानाचे स्थान आहे. कवचाच्या रसाचा अंश तिला लागून राहिला असल्यास ओठ व जीभ सुजतात; काजूच्या टरफलाचा ज्यांना त्रास होतो, त्यांनी हिच्या बाबतीतही सावध राहावे. गोडंबीच्या गुणवर्णनात एक गोष्ट सहसा येत नाही, आणि ती येथे नमूद करणे आवश्यक आहे. विदर्भ व मराठवाड्यातील ज्या गरीब स्त्रिया दगडावर एकेक बिब्बा फोडून ही गोडंबी काढतात, त्यांच्या हातांना उडणारा रस लागून बोटे काळी पडतात, कातडी जळते व सोलून निघते. हातांना तेल किंवा राख चोळून घेणे एवढाच त्यांचा बचाव. लाडू खाणाराच्या पुष्टीची किंमत अशा रीतीने भलत्याच कातडीवर वसूल होते. आरोग्याच्या हिशेबात हे नुकसान धरलेच पाहिजे.

लोकसमजुती : दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा ओवून दारावर टांगतात.

कायदा : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ या परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तीत वत्सनाभ, धोतरा, कुचला यांच्याबरोबर भल्लातकाचाही समावेश असून, पोटात घ्यावयाच्या अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणे सक्तीचे आहे. बाजारात पुडीत बांधून मिळणाऱ्या सुट्या बिब्ब्यावर मात्र अशी कोणतीही सूचना नसते.