वेरूळ उत्तरेत कसं गेलं

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नकाशात वेरूळ ‘उत्तर’ भारतात येतं. हैदराबादच्या मंडळ्या मात्र चर्च ऑफ साउथ इंडियाच्या. कधीकाळी दोन्हीकडची रयत एकाच निजामाची, मग बिशप वेगळे का?

अँग्लिकन रिवाजात बाप्तिस्मा पाळक देतात. दृढीकरण मात्र बिशपसाहेबांचंच काम. उमेदवारानं गुडघे टेकायचे आणि साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. पाळकांना दीक्षाही त्याच हातानं. त्यामुळे धर्मप्रांत फार पसरला की गावोगावचे उमेदवार खोळंबून राहत. १८३७ मध्ये थॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले, तेव्हा सह्याद्रीपलीकडचा मुलूख म्हणजे आडरानच.

औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) चर्च मिशनरी सोसायटीचं काम उभं केलं ते रतनजी नवरोजींनी. हे मूळचे पारशी. निजामाच्या मुलखात, मराठी मंडळीत, इंग्लंडच्या चर्चचा पारशी पाळक! ही सोसायटी नाशकाहून इकडे आलेली, व्यवहार मराठीतला. पुढे १९०० च्या सुमारास मनमाडची मीटरगेज झाली आणि नाशिक आणखी जवळ आलं.

१९२९ मध्ये मुंबईतून नाशिक धर्मप्रांत वेगळा निघाला. पहिले बिशप फिलिप लॉइड. १९४४ पर्यंत ते इथे होते, मग इंग्लंडात सेंट ऑल्बन्सला गेले. औरंगाबाद नाशकाकडेच राहिलं. निजामाच्या तेलुगू मुलखात दोर्नकलला १९१२ पासून व्ही. एस. अझरया बिशप होते, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. राजा एक असूनही मराठी मंडळी त्यांच्याकडे गेली नाही. भाषावार प्रांतरचनेनं निजामाचं राज्य वाटलं ते १९५६ मध्ये. चर्चनं ही वाटणी आधीच करून टाकली होती, आणि तीही फारसा गाजावाजा न करता.

त्याचा परिणाम पुढे दिसला. १९४७ मध्ये दोर्नकल चर्च ऑफ साउथ इंडियात गेलं. नाशिक थांबलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एक झाली, त्यांत ते सामील झालं. त्या सहांत प्रेस्बिटेरियन परंपराही होती, म्हणजे जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींची. त्या परंपरेत बिशपच नसतो. मंडळीचे वडील कारभार बघतात. त्यांनी बिशप पत्करला, ही त्या एकीकरणातली मला सर्वांत मोठी तडजोड वाटते. आता या भागासाठी मराठवाडा असा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.