निकालानंतरची गाणी

२३ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी बारामतीत गुलाल उडत होता आणि मी घरात बसून गाण्यांची यादी करत होतो. मी कुणाला मत दिलं होतं ते इथे लिहिणार नाही. मास्तरच्या नोकरीत ते बरं दिसत नाही, आणि या लेखाला त्याची गरजही नाही. कारण २०२४ मध्ये आमच्या गावानं एक अजब गोष्ट करून दाखवली. जूनमध्ये लोकसभेला सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या. सहा महिने होतात न होतात तोच विधानसभेला अजित पवार एक लाखाहून जास्त मतांनी. दोन्ही वेळा समोर घरातलंच माणूस. जूनमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी तोंड पाडून बसले होते, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे. चहा तोच, खुर्च्या त्याच. उदासीनं फक्त जागा बदलली.

माझी उदासी मात्र उमेदवाराची नव्हती. प्रचार ऐन भरात असताना सातवीतल्या एका पोरानं उर्दूच्या तासाला विचारलं, "सर, व्होट जिहाद म्हणजे काय?" तो शब्द त्या दिवसांत महाराष्ट्रभर फिरत होता, टीव्हीवर, सभांत, मोबाईलवर. उर्दूच्या मास्तरला शब्दाचा अर्थ सांगता येत नाही असं कधी झालं नव्हतं. 'जिहाद' अरबी, मूळ अर्थ कसून केलेला प्रयत्न, 'व्होट' इंग्रजी. दोन्ही शब्द फोडून सांगितले. जोडून काय होतं ते सांगता आलं नाही. ज्याच्या आजीनं दर वेळी सकाळी सात वाजता रांगेत पहिला नंबर लावून मत दिलं, त्याला मी काय सांगायचं? शिवाय त्याच वर्षी लोकसभेला महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस जागांमधून एकही मुस्लिम खासदार गेला नव्हता, आणि महायुती असो की महाविकास आघाडी, दोघांपैकी कुणी एका मुसलमानालाही उभं केलं नव्हतं. म्हणजे मत द्यायचं तर ते कारस्थान, आणि मागायला उभं राहायचं तर तिकीट नाही. ही ती उदासी.

तर यादी. आजची पोरं तिला प्लेलिस्ट म्हणतात. आमच्या वेळी 'कॅसेट भरून घेणं' म्हणायचे. वहीच्या पानावर गाणी लिहायची, दुकानदाराला द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी आणायला जायचं. साठच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं बसत. शेवटचं गाणं अर्धवट तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशेब करावा लागे, आणि त्या हिशेबात कुठल्या गाण्यानंतर कुठलं याचाही विचार आपोआप होई. बारामतीहून इंदापूरला जायला तासभर लागतो. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. म्हणजे बरोबर साठची एक कॅसेट, लासुर्ण्याच्या आसपास बाजू बदलायची. मोबाईलवर बाजू नसते, तरी मी यादी त्याच मापानं केली.

पहिलं गाणं 'प्यासा'तलं, साहिर लुधियानवींचं, जे नायक भरलेल्या सभागृहाच्या दारात उभा राहून म्हणतो. 'प्यासा' आला १९५७ साली. त्याच वर्षी देशात दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि महाराष्ट्रात तर ती नुसती निवडणूक नव्हतीच. संयुक्त महाराष्ट्र समिती आदल्या वर्षी, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात स्थापन झाली होती. मुंबईसह मराठी राज्य मिळावं म्हणून गोळ्या खाल्लेल्या माणसांची नावं लोकांना तोंडपाठ होती. समितीजवळ पैसा नव्हता, वर्तमानपत्रांपैकी आचार्य अत्र्यांचा 'मराठा' होता, आणि होते शाहीर. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर. १९४४ मध्ये या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हापासून डफ आणि तुणतुण्यावर हजारांची सभा धरून ठेवायची त्यांना सवय होती. कलापथकावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाचा लोकनाट्य करून टाकला. बंदी तमाशावर, लोकनाट्यावर कुठे होती?

१९५७ च्या निकालात मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसची पार दाणादाण उडवली. पुण्यातून ना. ग. गोरे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, मुंबईतून कॉम्रेड डांगे दिल्लीला गेले. आणि तरीही सरकार काँग्रेसचंच आलं. द्विभाषिक मुंबई राज्यात गुजरात होता, विदर्भ आणि मराठवाडा होता. तिथल्या जागांवर बहुमत उभं राहिलं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. इतकी गाणी, इतकी मैदानं, इतकी मतं, आणि राज्य द्विभाषिकच. त्या रात्री शाहिरांनी डफ कुठे ठेवला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आमच्या बारामतीची गोष्ट तर त्याहून न्यारी. त्या लाटेतही बारामती लोकसभा काँग्रेसकडेच राहिली. निवडून आले केशवराव जेधे. हे तेच जेधे, जे समिती स्थापन होताना पुढे होते, आणि ज्यांच्या छत्रपती मेळ्यानं एके काळी पुण्यातला गणेशोत्सव गाण्यांनी दणाणून सोडला होता. गाणं म्हणजे काय ताकद हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १९५९ मध्ये ते वारले आणि पोटनिवडणूक लागली. काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं. समोर शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार. वसंतरावांची आई शारदाबाई शेकापच्या कार्यकर्त्या, आणि धाकटे भाऊ शरद पवार काँग्रेसच्या प्रचारात. जिंकले गुलाबराव. शरद पवारांनी आपल्या आत्मचरित्रात हा पेच सांगितला आहे. २०२४ मध्ये टीव्हीवाले बारामतीत येऊन 'घरातच लढाई, इतिहासात पहिल्यांदा' असं ओरडत होते, तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं गालात हसत होती.

यादीतलं तिसरं म्हणजे अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची बायको गावी राहिली, अशी ती सुरू होते, आणि शेवटाकडे कळतं की ही मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, तुटून राहिलेला मुलूख. मी ती वर्गात शिकवताना पोरं आधी हसतात, मग गप्प होतात. हे गाणं प्रचाराचं, तरी त्यात विजयाची घोषणा नाही. आहे ती ताटातूट. १ मे १९६० ला राज्य मिळालं तेव्हाही ती तशीच राहिली. म्हणून ते निवडणुकीपुरतं उरलं नाही. प्रचाराच्या रिक्षावर सिनेमाच्या चालीत जे शब्द कोंबतात, ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऐकवत नाहीत, जिंकलेल्यालाही नाही. मैनेचं तसं होत नाही.

राज्य आलं आणि दोन वर्षांनी, १९६२ ला, महाराष्ट्राची पहिली विधानसभा निवडणूक झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला. समिती तोवर फुटली होती. पाच वर्षांपूर्वी प्रचंड मतांनी आलेले डांगे मुंबईत पडले. ज्यांनी राज्य मागितलं ते बाहेर, ज्यांच्याकडे मागितलं ते आत. राजकारणात असं होतं, त्यात काही नवल नाही. पण मला शोध घ्यायचा होता तो अमर शेखांचा. हा माणूस त्या वर्षी काय करत होता?

अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ चा जन्म, बार्शीचा. आईचं नाव मुनेरबी. ओव्या, लोकगीतं तिच्याकडून आली. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत राबले, संपापायी विसापूरच्या तुरुंगात गेले. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना मित्रांनी 'अमर शेख' हे नाव दिलं. नाव बदललं तरी 'शेख' ठेवलं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. त्या काळी सिनेमात आणि बाहेर नाव बदलताना बहुतेक जण उलटं करत. अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणत.

१९६२ च्या निवडणुकीत बाजू हरली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं. कम्युनिस्टांकडे संशयानं बघण्याचे ते दिवस. त्यात हा माणूस कम्युनिस्ट, वर मुसलमान. अमर शेखांनी हिमालयात पेटलेल्या बर्फावर गाणं रचलं आणि गावोगाव गात सुटले. पुढच्या वर्षी 'धरतीमाता' हा कवितासंग्रह आला. मला यात फार भाबडं व्हायचं नाही. मुसलमानानं दर वेळी देशप्रेमाचं गाणं म्हणून दाखवावं, ही अपेक्षा मला खटकते, आणि अमर शेखांचं नाव अशा वेळी प्रमाणपत्रासारखं पुढे केलं जातं तेही. ते प्रमाणपत्र मागत नव्हते. राज्य मागताना गायले, हरल्यावर गायले, युद्धात गायले. त्यांचं कामच ते होतं.

साल १९६९. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. आणि २९ ऑगस्टला अमर शेख, इंदापूरजवळ, मोटार अपघातात. अडीच-तीन महिन्यांत १९५७ चा सगळा आवाज मिटला. त्यांची मुलगी मल्लिका, पुढे मोठी कवयित्री झालेली, तेव्हा बारा वर्षांची होती. इंदापूर पुणे–सोलापूर रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यानं पुढे जाऊन बार्शीला वळतात. मी लहानपणापासून इंदापूरला नातेवाइकांकडे, उरुसाला जात आलो, पण त्या गावाजवळ अमर शेख गेले हे मला बी.एड. झाल्यावर, एका जुन्या कोशात वाचून कळलं. शाळेच्या पुस्तकानं नाही सांगितलं, घरच्यांनीही नाही. अब्बांना त्यांचं गाणं येत होतं, मरणाची जागा माहीत नव्हती.

दुसऱ्या बाजूला काय घ्यायचं यावर मी बराच अडलो. फैजची १९४७ सालची 'सुब्ह-ए-आज़ादी' गाणं नव्हे, नज्म. तरी ती एका चांगल्या आवाजात मिळाली, घेतली. मिळालेल्या गोष्टीत काही तरी हरवलंय हे म्हणायला तिच्याइतकी जागा दुसऱ्या नज्मेत नाही. 'हम देखेंगे' मात्र घेतली नाही. इकबाल बानोंनी लाहोरात १९८६ ला ती गायली तेव्हा तिच्यात जी आग होती, ती आता मोबाईलच्या स्टेटसवर झिजून गेली आहे, असं माझं मत. मतभेद असू शकतो. 'फिर सुबह होगी' (१९५८) मधलं खय्यामच्या चालीचं पहाटेची वाट पाहणारं गाणं घेतलं. तेही साहिरचं, मुकेश आणि आशा भोसलेंचं. रफीची मराठी गाणी दोन, श्रीकांत ठाकरेंच्या चालीची. त्यांचा निवडणुकीशी काही संबंध नाही, जिवाला बरं वाटतं म्हणून. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं काटेवाडी, सणसरवरून इंदापूरला जाते, तेव्हा एक अभंगही आला.

आणि वामनदादा कर्डकांचं एक भीमगीत. १९५२ मध्ये बाबासाहेब मुंबईत काजरोळकरांकडून हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. घटना लिहिणारा माणूस दोनदा पडला. त्यांच्यावरची गाणी आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही वस्तीत, कुठल्याही एप्रिलमध्ये ऐकू येतात. ज्यांनी हरवलं त्यांच्यावर एखादं गाणं कुणी ऐकलंय का?

अर्थात गाणी ऐकून मतदार यादीत नाव चढत नाही. मी बीएलओचं काम केलंय. ज्या घरात सून येऊन चार वर्षं झाली तिचं नाव अजून माहेरच्या यादीत, ज्या म्हाताऱ्याचं आडनाव एका ठिकाणी 'शेख' आणि दुसऱ्या ठिकाणी 'शेक', तिथे साहिर उपयोगी पडत नाही, नमुना सहा आणि नमुना आठ उपयोगी पडतात. नोव्हेंबर संपल्यावर मी ते फॉर्मही आणून ठेवले. गाण्यानं एवढंच केलं की ते भरायला बसण्याइतका मी ताळ्यावर आलो.

स्टाफरूममधल्या त्या नोव्हेंबरवाल्या सहकाऱ्यांना मी यादी पाठवली. त्यांनी ती जूनवाल्यांना पाठवली. जूनवाल्यांनी त्यात भीमसेन जोशींची एक अभंगवाणी घातली आणि 'प्यासा' काढून टाकलं. फार रडकं म्हणाले. मी परत घातलं.

डिसेंबरच्या एका रविवारी अम्मीला घेऊन इंदापूरला निघालो. लासुर्णे गेलं, मैनेचं गाणं लागलं. अम्मी खिडकीतून ऊस बघत होती. म्हणाली, "ये किसका आवाज है रे?" मी म्हटलं, बार्शीच्या मेहबूबची साथसोबत असलेल्या माणसाचं गाणं आहे. ती म्हणाली, बार्शीला आपल्या मावशीचं सासर होतं. मग बराच वेळ ती मावशीबद्दलच बोलत राहिली, आणि मी आवाज थोडा कमी केला.