गुणदानाकडून अध्ययनाकडे : रुब्रिक व मौखिक प्रत्याभरण यांचा ऐतिहासिक आढावा

विद्यार्थ्याला गुण कळतात. ते का गेले हे मात्र क्वचितच कळते. या उणिवेचे मूळ भारतीय विद्यापीठांच्या स्थापनेतच आढळते. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणाऱ्या संस्था होत्या. अध्यापन महाविद्यालयांत आणि परीक्षण विद्यापीठात, अशा विभागणीमुळे शिकविणारा व तपासणारा यांची फारकत झाली. ऑक्सफर्डच्या ट्यूटोरियल पद्धतीत विद्यार्थी आपला निबंध शिक्षकासमोर वाचून दाखवीत असे व त्यावर तेथेच चर्चा होत असे. मौखिक प्रत्याभरणाची ही परंपरा भारतीय विद्यापीठांच्या घडणीत उतरली नाही.

रुब्रिकचा, म्हणजे निकषनिहाय गुणदान तक्त्याचा, उगम वेगळ्या प्रश्नातून झाला. एकाच उत्तरपत्रिकेला निरनिराळे शिक्षक अत्यंत भिन्न गुण देतात, हे अमेरिकेत स्टार्च व इलियट यांनी १९१२ मध्ये दाखविले. १९६१ मध्ये डीडरिक, फ्रेंच व कार्लटन यांच्या अभ्यासात ५३ वाचकांनी ३०० निबंध तपासले. त्यांपैकी ९४ टक्के निबंधांना ९ पैकी किमान ७ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. वाचकांच्या अभिप्रायांच्या विश्लेषणातून विचार, संघटन, शब्दयोजना, शैली व भाषिक शुद्धता हे पाच घटक पुढे आले. अशा निकषांचा हेतू परीक्षकांत एकवाक्यता आणणे हा होता. विद्यार्थी त्यात कोठेच नव्हता.

१९८९ मध्ये रॉइस सॅडलर यांनी हा दृष्टिकोन बदलला. चांगले काम कोणते, आपले काम त्यापासून किती दूर आहे आणि ते अंतर कसे कमी करावे, हे विद्यार्थ्यालाच उमगले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

भारतात राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) एकच सुधारणा सुचवायची झाल्यास ती परीक्षापद्धतीची असावी, असे मत नोंदविले होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. अंतर्गत मूल्यमापनामुळे शिकविणारा व तपासणारा पुन्हा एक झाला; तथापि अनेकदा त्यातून केवळ गुणांची आणखी एक यादी तयार होते.

हा इतिहास पाहता, रुब्रिक लेखनापूर्वीच विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि तपासणीनंतर त्याच निकषांच्या आधारे त्याच्याशी थोडे तरी बोलावे, हे उचित ठरते. वर्ग मोठा असल्यास समान उणिवांची चर्चा सर्वांसमोर करता येईल. निकषांविना संवाद मोघम राहतो आणि संवादाविना निकष तक्त्यातच राहतात.