रोझरी मातेच्या चर्चमधली गुजराती नक्षी

जुन्या गोव्याला गेलेल्या आपल्या बायका बॉम जेझुसची बासिलिका आणि से कॅथेड्रल पाहून परततात. तिथून पश्चिमेला, मोंते सांतो टेकडीवर, रोझरी मातेचं लहानसं चर्च आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही. मला मात्र जुन्या गोव्यात सगळ्यात ओळखीचं वाटलं ते हेच.

आफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतलं. ती लढाई त्याने याच टेकडीवरून पाहिली, असं सांगतात. पुढे १५४० च्या दशकात इथे जांभ्या दगडाचं चर्च उभं राहिलं. दुरून छोटा किल्लाच वाटतो. दर्शनी बाजूला गोल बुरूज, खिडक्या उंचावर. जवळ गेलं की पिळाच्या दोरखंडासारखी नक्षी दिसते. ही पोर्तुगालची मानुएलीन शैली. दर्यावर्दी लोकांची दोरी दगडात उतरली, म्हणा ना!

आत मुख्य वेदीपुढे, जमिनीत, गव्हर्नर गार्सिया द सा याची कबर आहे. तो १५४९ मध्ये वारला. शेजारच्या भिंतीत त्याची पत्नी दोना कातरिना हिचं संगमरवरी स्मारक आहे. ही दोघं बरीच वर्षं लग्नाविना एकत्र राहिली, मुली झाल्या, आणि शेवटी फ्रान्सिस झेवियरने त्यांचं लग्न लावलं, अशी कथा आहे. शिलालेखात तिची ओळख ‘गार्सियाची बायको’ एवढीच. वाचणाऱ्याने आपल्या आत्म्यासाठी देवाजवळ दया मागावी, ही तिची विनंती.

पण स्मारकावरची नक्षी बघा. ती लिस्बनची नाही, गुजराती धाटणीची आहे. खंभातचे कारागीर संगमरवर कोरण्यात नावाजलेले. त्यांनी घडवलेले कबरींचे दगड गोव्यात पोर्तुगीज येण्याआधीच जहाजांतून सुमात्रा-जावापर्यंत पोचले होते. गुजरातच्याच मंत्र्यांनी, विमलशहाने आणि पुढे वस्तुपाल-तेजपालांनी, आबूवर आपली मंदिरं उभारली. त्याच मुलखातल्या कारागिरीने नंतर अहमदाबादच्या मशिदी सजवल्या, आणि इथे एका ख्रिस्ती बाईची कबर.

बेळगावच्या कमल बसदीचं छत बघताना आपण बिचिराजाचं नाव घेतो. त्याने ती बांधवली, म्हणून. पाकळ्या कोरणाऱ्याचं नाव कोण विचारतं? कातरिनेच्या नक्षीदारालाही नाव नाही. ‘हे आपलं, ते त्यांचं’ अशी वाटणी आपण बघणारे करतो. छिन्नी धरणाऱ्याने ती केलेली दिसत नाही. त्या टेकडीवर गेलात, तर कातरिनेसाठी दोन शब्द म्हणा, आणि त्या नक्षीदारासाठीही.