मृगापूर्वीचा पाऊस

म्हैसूर शहरात अग्रहार नावाची जुनी वस्ती आहे. अग्रहार म्हणजे विद्वानांच्या चरितार्थासाठी राजाने इनाम दिलेली भूमी, अथवा तिच्यावर वसलेले गाव. अशा वस्त्यांतून वर्षप्रतिपदेस पंचांगवाचन होई, आणि त्या संवत्सरात मेघांचा अधिपती कोण व पाऊस किती, हे सांगितले जाई. महाराष्ट्रातही गुढीपाडव्याला हाच परिपाठ होता. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पर्जन्याची लक्षणे व मापे सांगितली. पावसाचा अंदाज बांधण्याची निकड किती जुनी आहे, याची ही साक्षच होय.

म्हैसूरला ही निकड एका विशेष कारणाने भासते. महाराष्ट्राच्या मनात पाऊस म्हणजे मृगाचा. त्याआधीचा वळीव हा केवळ पाहुणा. म्हैसुरात मात्र जूनपेक्षा मे महिन्यात अधिक पाऊस पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक जल सह्याद्रीवर आणि कोडगूच्या डोंगरांवर रिते करतात, आणि सुमारे 770 मीटर उंचीवरील म्हैसूर त्यांच्या पर्जन्यछायेत राहते. कोडगूचा पाऊस कावेरीला आणि कृष्णराजसागराला भरतो. कोरडवाहू शेताची पहिली नांगरट मात्र उन्हाळी गडगडाटी सरींवर अवलंबून असते. एप्रिलच्या अखेरीस सूर्य भरणी नक्षत्रात जातो. भरणीचा पाऊस झाला तर धरणी पिकते, अशी कन्नड शेतकऱ्याची म्हणच आहे.

पाऊस चुकला तर काय होते, हे म्हैसूर संस्थानाने 1876 ते 1878 च्या दुष्काळात पाहिले. 1871 च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या 50 लाखांवर होती. 1881 मध्ये ती सुमारे 42 लाखांवर आली. हिंदुस्थानचे हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले होते. दुष्काळाच्या या घावानंतर त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध अभ्यासला, व 1886 पासून पावसाळ्याचा अंदाज प्रसिद्ध होऊ लागला. पुढे 1904 ते 1924 या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी त्याला संख्याशास्त्राचा पाया दिला. म्हैसूर संस्थानातही बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील जॉन कुक यांनी पर्जन्यनोंदींची शिस्त घातली. 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले.

परंतु हे सारे प्रयत्न मोसमी पावसासाठी होते. वळिवाची जात निराळी. मोसमी वारा महासागर ओलांडून येतो. वळिवाचा मेघ मात्र दुपारी जन्मतो आणि रात्रीपूर्वी विरतो. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते, समुद्रावरून आलेली आर्द्रता तिला मिळते, आणि काही तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा मेघ उभा राहतो. तो एका गावावर कोसळेल आणि शेजारचे गाव कोरडे ठेवील. कोठे जोराचा वारा, कोठे गारा, कोठे वीज. भारतात विजेने दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात; त्यांत शेतात राबणारी पुष्कळ.

अशा मेघाला गाठावयाचे तर डोळाही तसाच चपळ हवा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रडार आले, उपग्रह आले. 2002 मध्ये चेन्नईस वाऱ्याचा वेग टिपणारे डॉप्लर रडार उभे राहिले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे साधन भ्रमणध्वनीवर आणले. आज पुढील तीन तासांसाठीही इशारा दिला जातो.

तरीही त्या इशाऱ्यात ‘शक्यता’ हा शब्द राहतोच. अमुक जिल्ह्यात गडगडाटासह पाऊस संभवतो, असे शास्त्रज्ञ म्हणतो. कोणत्या बांधावर, हे तो सांगू शकत नाही. हा शब्द ऐकून पुष्कळ जण हसतात. वास्तविक त्यात शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. पंचांगातील अंकाने मनाला धीर दिला. आजची शक्यता सावधपणा शिकवते. आभाळ गडगडू लागताच झाडाखालचा आसरा सोडून पक्क्या घरात जाणाऱ्या शेतकऱ्याला तेवढी शक्यता पुरेशी आहे. ज्या सरीची त्याने वाट पाहिली, तिच्या ओलाव्यात नांगर धरण्यास तो दुसऱ्या दिवशी असला पाहिजे.